धार काढल्याशिवाय मशीन घेऊ नये

बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात एखाद्याने साठ-सत्तर हजार मोजून मॅरँट्झचा पन्नास वर्षांचा, सत्तर वॅटचा रिसीव्हर घरी आणला, तर ओट्यावरून येणारा पहिला शेरा ठरलेला आहे : "एवढ्यात म्हैस आली असती." शहरातली माणसं या शेऱ्याला हसतात. हसू नये. म्हैसदेखील सेकंडहँडच असते. तिच्याबरोबर वॉरंटी कार्ड येत नाही, बिघडली तर कंपनीत पाठवता येत नाही, आणि विकणारा तिच्याही बाबतीत "लई गरीब आहे, लहान पोरगंही धार काढतं" असंच सांगतो. तरीही या भागातला शेतकरी म्हैस घेताना सहजासहजी फसत नाही. कितव्या वेताची आहे, चारही सड चालू आहेत का, आदल्या संध्याकाळची धार तुंबवून कास फुगवलेली नाही ना, हे तो पाहतो आणि शेवटी स्वतः खाली बसून धार काढतो. उलट लाखाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणारा सुशिक्षित गृहस्थ चार फोटो बघतो, "बॉडी टकाटक, सिंगल हँड यूज, हात लावायचं काम नाही" एवढं ऐकतो आणि पैसे पाठवून मोकळा होतो. तेव्हा पारख शिकायची तर ती ओट्यावरच्या माणसाकडूनच शिकावी लागेल. पण माझं म्हणणं याच्या थोडं पुढचं आहे. जुन्या भारी ऑडिओतली जोखीम सगळे विकणाऱ्याच्या दारात शोधतात. तिथे ती थोडीच असते. मोठी जोखीम घेणाऱ्याच्या घरात असते : छपरात, मीटरमध्ये, अर्थिंगच्या खड्ड्यात आणि बऱ्याचदा कानात.

विकणाऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याची बदनामी फार झाली आहे, आणि त्यात एका नोबेलविजेत्याचाही हात आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध छापला. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी भावच देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून उठतात आणि मागे खटारे उरतात. तीन नियतकालिकांनी हा निबंध आधी साभार परत केला होता. २००१ मध्ये त्याच कामावर नोबेल मिळालं. निबंधापूर्वी अकरलॉफ दिल्लीत राहून गेले होते, आणि त्यात भारतीय गृहिणीचा दाखला आहे : बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे तिला निवडत बसावे लागतात. म्हणजे नोबेलचा एक दाणा आपल्याकडच्या सुपात पाखडला गेला आहे.

पण हा सिद्धांत मोटारींना जितका बसतो तितका भारी ऑडिओला बसत नाही, आणि त्याचं कारण या मंडळींच्या स्वभावात आहे. मोटार त्रास द्यायला लागली की माणूस ती विकतो. अ‍ॅम्प्लिफायर तो उत्तम वाजत असताना विकतो, कारण मित्राकडे दुसरा ऐकलेला असतो आणि तेव्हापासून स्वतःच्यात "काहीतरी कमी आहे" असं वाटू लागलेलं असतं. काय कमी आहे ते त्याला सांगता येत नाही. पण ते नव्यात असेल याची त्याला खात्री असते. दुसरा कपाटाएवढे स्पीकर विकतो, कारण मुलाचं लग्न ठरलेलं असतं आणि सुनेने खोली आधीच पाहून ठेवलेली असते. माल खराब आहे म्हणून विकणारे या बाजारात तुलनेने कमी. शिवाय जे खराब विकतात, त्यांच्यातल्या अनेकांना ते खराब आहे हेच माहीत नसतं. कंडेन्सर एका रात्रीत मरत नाही, वर्षानुवर्षं सुकत जातो; आवाज इतक्या हळू उतरतो की मालकाचा कान त्याच्याबरोबर उतरत जातो. विकणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्याला ठाऊक नाही, असा संपूर्ण समतेचा सौदा असला की खटाऱ्यांचा तो सिद्धांत लागूच होत नाही.

विकणारे सगळे संत आहेत, असा याचा अर्थ नाही. तुंबवलेल्या कासेसारखी युक्ती इथेही आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर मशीन चालू करून गरम ठेवतात, म्हणजे थंडपणी होणारी खरखर ऐकू येत नाही. म्हणून जाताना सांगायचं की मशीन बंद ठेवा, आणि पोचल्यावर वरच्या झाकणाला हात लावून ते खरंच गार आहे का ते पाहायचं. मग आवाजाचं बटण जवळजवळ खालपर्यंत आणून डावी-उजवी बाजू सारखी वाजते का ते ऐकायचं. आतला रिले गंजला असेल तर तो मोठ्या आवाजात साळसूद वागतो आणि हळू आवाजात एक बाजू गिळतो, म्हणूनच विकणारा नेहमी मोठ्याने लावून दाखवतो. स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम बोटाने हलकेच दाबावा. काळा भुगा पडला तर फोम गेला. कोन दोन्ही हातांनी सरळ आत ढकलून पाहावा. आत काही घासल्यासारखं वाटलं तर कॉईल गेली. याला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं न देणाऱ्याला कायदाही फारसा वाचवत नाही : माल विक्रीचा १९३० चा कायदा त्याच्या १६ व्या कलमात, काही अपवाद सोडून, मालाच्या दर्जाची हमी आपोआप गृहीत धरत नाही.

आदर्श विक्रेता कसा असावा, याचं एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे आणि ते पृथ्वीवर नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठवल्या. त्यांत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडीबरोबर ती वाजवायला कार्ट्रिज आणि सुई दिली आहे, कशी वाजवायची ते वेष्टणावर चितारलं आहे, आणि घेणाऱ्याला मालाचं वय स्वतः काढता यावं म्हणून वेष्टणावर युरेनियम-२३८ चा थर चढवला आहे, ज्याचं अर्धआयुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं आहे. आपल्याकडे कोणी सुईसुद्धा देत नाही. "सुई तुमची तुम्ही बघा" म्हणतात आणि वय विचारलं की "नव्वद-ब्याण्णवचं असेल" एवढ्यावर भागवतात. अर्थात व्हॉयेजर-१ चंही सर्व्हिस सेंटर सध्या सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे, हे नमूद केलं पाहिजे.

समजा माल चोख निघाला. आता तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून सुलतानपूरला आणायचा, म्हणजे ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचा. वीस किलोच्या मशीनमध्ये बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरचं असतं आणि ते चार स्क्रूंवर उभं असतं. चारशे किलोमीटरच्या प्रवासात खड्ड्यागणिक हे चार स्क्रू आपापलं मत बनवत जातात. पॅकिंगला पैसे का द्यायचे, असं ज्याला वाटतं त्याने शेजारी लोणारला जाऊन यावं. तिथे एक पार्सल आकाशातून विनापॅकिंग आलं होतं. माल सापडला नाही. खड्डा तेवढा आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, आणि आता त्यातलं सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

इथून पुढे विकणाऱ्याचा संबंध संपतो आणि घराचा सुरू होतो. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य तापमानावर ठरतं. साध्या कंडेन्सरवर ८५ अंशांना २,००० तास असं काहीसं छापलेलं असतं, आणि ढोबळ नियम असा की तापमान दहा अंश उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. मशीनच्या आतली हवा खोलीपेक्षा वीस अंश गरम धरू. मुंबईच्या पंचवीस अंशांच्या एसी खोलीत आत ४५ अंश, म्हणजे ३२,००० तास. रोज तीन तास ऐकलं तर २९ वर्षं. आता तेच मशीन मे महिन्यात सुलतानपुरात पत्र्याखाली ठेवा. खोली ४५, आत ६५, आयुष्य ८,००० तास, म्हणजे सात वर्षं आणि काही महिने. पावसाळा-हिवाळा धरला तर आकडा बराच सुधारतो हे खरं, पण मुद्दा सुटत नाही. बावीस वर्षांचा फरक पडला तो विकणाऱ्याच्या खोटेपणामुळे नाही, मॅरँट्झमुळे नाही, जुनेपणामुळेही नाही. तो पत्र्यामुळे पडला. नवीन आणलं असतं तरी पत्रा तोच होता. ज्याला साठ हजारांचं मशीन घ्यायचं आहे त्याने आधी काही हजारांत पत्र्याखाली फॉल्स सीलिंग टाकून घ्यावं. त्यासारखा दुसरा अपग्रेड नाही, आणि घरातल्या बाकीच्या माणसांनाही तो ऐकू येतो. न्यायासाठी दुसरी बाजूही सांगतो : स्पीकरचा फोम आणि बटणांच्या पट्ट्या मुंबईच्या दमट हवेत जितक्या लवकर सडतात, तितक्या बुलडाण्याच्या कोरड्या हवेत सडत नाहीत. निवृत्त स्पीकरला आमची हवा मानवते.

विजेचं त्याहून गुंतागुंतीचं आहे. घर शेतात असेल आणि लाइन शेतीच्या फीडरवर असेल, तर थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी ऑटोवर एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं. त्यावर स्टॅबिलायझर आहे. अर्थिंगवर मात्र स्टॅबिलायझर नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती तिला सोडून देते, आणि मग एप्रिलपासून स्पीकरमधून एक अखंड हम् सुरू होतो. अशा वेळी शहरी मित्र दहा हजारांची केबल सुचवतो. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून चार बादल्या पाणी ओतलं की तो हम् बऱ्याचदा गप्प बसतो. परदेशातून आलेल्या मालाची गंमत निराळी. न्यू जर्सीतला मावसभाऊ घर आवरताना टर्नटेबल देऊन टाकतो, आणि आपण फुकट म्हणून उचलतो. तिकडची वीज १२० व्होल्ट, हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यासाठी कन्व्हर्टर लावला जातो. पण तिकडची ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची, हे कन्व्हर्टरला कळत नाही. अनेक जुन्या टर्नटेबलांची मोटर हर्ट्झवर चालते. मिनिटाला सव्वातेहेतीस फेऱ्यांच्या जवळपास फिरणारी तबकडी मग अठ्ठावीसच्या आत घुटमळते आणि सूर तीन अर्धस्वरांनी उतरतो. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागते, तेही इतक्या शांतपणे की बिघाड लक्षात येण्याआधी दोन पाहुणे "काय घराण्याचा ठेहराव आहे" म्हणून जातात.

आता मिस्त्री. मुंबईत जुनं मशीन बिघडलं तर उघडणारे बरेच. सुलतानपूरशेजारच्या मेहकरात कोण उघडणार, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि त्याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून येतं : डीजेकडून. वरातीच्या डीजेविषयी मला प्रेम नाही. पण त्याच्यामुळे तालुक्याच्या गावी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलेला, हातात सोल्डर असलेला माणूस आज आहे. भजनी मंडळांच्या आहुजा कंपनीच्या मशीनांनी त्याच्या गुरूला घडवलं होतं, डीजेने त्याला. बावन्नशे आणि एकोणीसशे त्रेचाळीस ही ट्रान्झिस्टरची जोडी तो डोळे मिटून बदलतो. तिच्यात नकली माल फार येतो हेही त्याला ठाऊक असतं, आणि असली-नकली तो छापाच्या खरडीवरून ओळखतो. तेव्हा खरेदीचा नियम मशीनच्या मोठेपणावरून नाही, या माणसावरून ठरवावा. साध्या सर्किटचा, जाड ट्रान्सफॉर्मरचा, सत्तरच्या दशकातला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर हा माणूस उभा करील. नाकामिची ड्रॅगनसारखा, टेपच्या तिरकेपणाप्रमाणे हेड आपोआप फिरवून घेणारा १९८२ चा कॅसेट डेक त्याच्यापुढे ठेवला, तर तो आदराने झाकण परत लावील. जुन्या सीडी प्लेअरचं लेझर गेलं की ते बहुधा गेलंच. नवं सहसा मिळत नाही, आणि दुसऱ्या मेलेल्या प्लेअरमधून काढलेलं त्याच वयाचं असतं. जेवढे फिरणारे, सरकणारे, उजळणारे भाग कमी, तेवढा सौदा शहाणा.

"मग नवीनच घ्या ना, वॉरंटी तर मिळते," असं म्हणणारे आहेत. वॉरंटी मिळते, ती वापरायला मशीन पुन्हा त्याच डिकीतून मुंबईला पाठवावं लागतं, हे कार्डाच्या मागे लिहिलेलं नसतं. शिवाय नवीन स्वस्त मालाच्या आकड्यांचा आपल्याला जुना अनुभव आहे. नव्वदच्या दशकात घराघरांत आलेल्या म्युझिक सिस्टिमवर दोन हजार वॅट पीएमपीओ असं लिहिलेलं असे. या पीएमपीओला कुठलंही प्रमाण नव्हतं. तो आकडा स्टिकर छापणाऱ्याच्या उत्साहावर ठरे, आणि खरे वॅट वीस-पंचवीसच्या आसपास भरत. याउलट अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ साली नियम केला की अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत सलग देता येणारीच ताकद सांगायची. त्यामुळे त्या काळच्या मशीनवर ४० लिहिलं असेल तर ते ४० असतात. आणि चाळीस पुरतात. ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९० डेसिबल देतो. निवासी भागाची रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ आहे. पुढचे एकोणचाळीस वॅट कायद्याच्या बाहेरच पडून असतात.

कानाचा आक्षेप जास्त बोचरा आहे. भारी ऑडिओ परवडण्याचं वय पन्नाशीनंतर येतं आणि नेमक्या त्याच वयात बारा-तेरा हजार हर्ट्झच्या वरचं अनेकांना ऐकू येईनासं होतं. वीस हजार हर्ट्झपर्यंत वाजणाऱ्या मशीनचे पैसे मालक देतो आणि वरचा मजला घरातलं मांजर वापरतं. त्यात ऐकायचं काय, तर बालगंधर्व. १९२५ पूर्वीच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या, अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर फारसं काही न पकडणाऱ्या. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर वाढलेल्या कानाची सवयही पाच हजारांच्या अलीकडचीच. हे सगळं खरं आहे, पण ते जुन्या मशीनच्या बाजूने जातं, विरुद्ध नाही. माणसाचा गळा, तंबोऱ्याची जवारी आणि, टाळाची धार सोडली तर, उरलेला सगळा अभंग मधल्या पट्ट्यात असतो, आणि जुन्या चांगल्या मशीनचा तोच पट्टा बळकट असतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बनवला तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत, निवेदकाचा आवाज तपासायला. दहा बाय बाराच्या खोलीत कीर्तन ऐकणाऱ्याची गरज त्याहून वेगळी नाही. वय झालेला कान आणि वय झालेला स्पीकर यांचं जमतं. फक्त दोघांनी एकमेकांना तरुणपणीच्या गोष्टी विचारू नयेत.

शेवटचा युक्तिवाद घेणाऱ्याच्या बाजूने असतो आणि तो सहसा पत्नीसमोर केला जातो : "जुन्याचा घसारा आधीच होऊन गेलेला असतो. नको झालं तर घेतलं त्याच भावात विकता येतं." मुंबई-पुण्यात हे खरं आहे. म्हशीलाही ते लागू आहे. दर आठवड्याला बाजार भरतो आणि दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतो. मॅरँट्झचा आठवडी बाजार मात्र मेहकरात भरत नाही. सुलतानपुरातून विकायचा तर तालुक्यात आणखी एक वेडा हवा, आणि असा वेडा असता तर पहिल्याने मुंबईहून कशाला आणला असता? राहता राहिला डीजेवाला. तो येईल, गाणं सुरू असताना दोन्ही स्पीकरांच्या मध्ये उभा राहील, मागचं लेबल वाकून वाचील, सत्तर वॅट, आणि बाकीचे वॅट वेगळ्या खोक्यात आहेत का म्हणून विचारील.